कोड हरवतोय, मर्ज अडतंय: व्हर्जन कंट्रोल बदलण्याआधी काय तपासायचं

व्हर्जन कंट्रोल म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, गिट किंवा एसव्हीएनसारखं. त्याचा त्रास होऊ लागला की लक्षणं साधारण अशी असतात. सोमवारी केलेला बदल गुरुवारी दिसेनासा होतो आणि तो कुणी काढला हे कुणालाच सांगता येत नाही. दोन ओळी बदलल्या, तरी डिफमध्ये (जुन्या-नव्यातला फरक दाखवणाऱ्या यादीत) अख्खी फाइल लाल-हिरवी दिसते. एक ब्रँच (कामाची वेगळी फांदी) मर्ज करायला, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळायला, घेतली की दिवस जातो. क्लोन (रेपोची, म्हणजे कोड आणि त्याच्या हिस्ट्रीच्या साठ्याची, प्रत उतरवणं) लावलं की ते संपायची वाट बघत बसावं लागतं. एकाच्या मशीनवर बिल्ड होतं, सर्व्हरवर मात्र ‘फाइल सापडली नाही’. एका डिझाइनरचं काम दुसऱ्याच्या फाइलखाली गाडलं जातं. मग मीटिंग होते आणि कुणीतरी म्हणतं, ‘हे गिट आपल्याला झेपत नाही, दुसरं काहीतरी घेऊ.’ टीम एसव्हीएनवर असेल तर उलटं: ‘हे सगळं एसव्हीएनमुळे होतंय, गिटवर जाऊ.’

अशा मीटिंगांना मी बऱ्याचदा बसलोय. साधन बदलल्यावर दुखणं गेलं, असं मोजक्या वेळा पाहिलं. बहुतेकदा ते बाडबिस्तरा घेऊन नव्या साधनात राहायला गेलं. म्हणून खालचा क्रम. वरच्या तपासण्या फुकट आणि मिनिटांच्या आहेत, खालच्या महाग. मधली गाळून खाली उडी मारू नका.

आधी हात थांबवा

कोड हरवला असं वाटतंय त्या क्षणी रेपोच्या फोल्डरची जशीच्या तशी कॉपी दुसरीकडे करून ठेवा, लपलेल्या डॉट-गिट फोल्डरसकट. काही खर्च नाही. हे आधी करायचं कारण असं की घाबरलेला माणूस इंटरनेटवर सापडलेल्या चार कमांड एकामागून एक चालवतो, आणि पहिल्या चुकीपेक्षा तिसरी कमांड जास्त नुकसान करते. रिसेटला ‘हार्ड’ जोडलेली कमांड तर अशा वेळी हातालासुद्धा लावू नका.

खरंच हरवलंय की झाकलं गेलंय?

गिटमध्ये एकदा कमिट झालेली, म्हणजे नोंद करून जतन झालेली, गोष्ट सहजी जात नाही. गिट रिफ्लॉग चालवा. तुमच्या मशीनवर हेड, म्हणजे तुम्ही सध्या ज्या कमिटवर आहात तो खुणेचा बाण, कुठून कुठे सरकलं त्याची ती वही आहे. ब्रँच पुसली गेली असेल, चुकून रिसेट झालं असेल, तरी जुन्या कमिटचा क्रमांक तिथे सापडतो आणि त्यावरून नवी ब्रँच काढता येते. मुदत मात्र आहे: कुठल्याच ब्रँचवरून पोहोचता येत नाही अशा नोंदी मूळ सेटिंगमध्ये ३० दिवस टिकतात, बाकीच्या ९० दिवस. शिवाय ही वही ज्याच्या त्याच्या मशीनवर असते. कुणी फोर्स पुश करून, म्हणजे आपली प्रत जबरदस्तीने वर चढवून, सर्व्हरवरची ब्रँच मागे नेली असेल, तर ज्याने त्याआधी पुल केलं होतं, म्हणजे कोड उतरवून घेतला होता, असा सहकारी शोधा. त्याच्याकडे ते कमिट असतंच.

कमिटच केलं नव्हतं, पण गिट ॲड (फाइल कमिटसाठी तयार ठेवणं) केलं होतं? मग एफएससीके कमांडला ‘लॉस्ट-फाउंड’ लावून बघा. नाव नसलेल्या फाइलींच्या ढिगात तुमचा मजकूर मिळू शकतो. ॲडही केलं नसेल तर गिटला त्याची गंधवार्ताच नाही. तुमच्या एडिटरची स्थानिक हिस्ट्री तेवढी तपासा.

आता ‘बदल होता, पण कुणीच काढला नाही’ याबद्दल. हे मी इतक्यांदा सोडवलंय की लक्षण ऐकूनच अंदाज येतो. एका टीममध्ये किमतीच्या गणितातली एक दुरुस्ती गायब झाली. त्या फाइलचा गिट लॉग काढला तर दुरुस्तीचं कमिट त्यात नावालाही नाही. दोन माणसं एकमेकांकडे संशयाने बघत होती. पण त्याच लॉगला ‘फुल-हिस्ट्री’ हा पर्याय लावला आणि कमिट समोर आलं. झालं होतं असं: मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट आला (दोन्ही बाजूंनी एकच जागा बदललेली), मर्ज करणाऱ्याने त्या फाइलसाठी सरळ ‘आपली बाजू’ निवडली आणि पुढे गेला. मर्जनंतरची फाइल एका बाजूशी तंतोतंत जुळत असेल, तर एका फाइलचा लॉग दाखवताना गिट दुसरी बाजू अनावश्यक समजून गाळतं. म्हणजे बदलही गेला आणि त्याची खूणही दिसेना. गिटच्या लेखी यात काही चुकलेलं नाही, पण ज्याला हे माहीत नाही तो गिटने कोड खाल्ला असंच म्हणणार.

एसव्हीएनमध्येही हाच प्रकार वेगळ्या कपड्यांत येतो. अपडेट करताना कॉन्फ्लिक्ट आला की ‘माझीच पूर्ण फाइल ठेव’ असं निवडायचं आणि कमिट मारायचं. सर्व्हरवर एकदा गेलेलं रिव्हिजन तिथेच असतं. लॉगमधून त्याचा नंबर काढा आणि तेवढाच बदल परत आणा.

या टप्प्यावर टीमचं निम्मं भांडण मिटतं.

तक्रार गिटची आहे की गिट ठेवलंय त्या सेवेची?

एका कागदावर तक्रारी लिहून काढा आणि प्रत्येकीपुढे लिहा: साधन की सेवा. रिव्ह्यूला कुणी उत्तर देत नाही, परवानग्या चुकीच्या आहेत, बिल्ड रांगेत अडकतं, लॉगिनचा त्रास होतो या सगळ्या होस्टिंग सेवेच्या गोष्टी आहेत. सेवा बदलणं व्हर्जन कंट्रोल बदलण्यापेक्षा कितीतरी सोपं, कारण हिस्ट्री तशीच्या तशी सोबत जाते. पाच मिनिटांचं काम, तरी लोक ते टाळतात.

रेपो कुठे ठेवलाय?

कुणाचा रेपो ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हसारख्या आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये आहे का, विचारा. डॉट-गिट फोल्डरमधल्या फाइली एका ठरावीक क्रमाने लिहिल्या जातात. सिंक करणारं सॉफ्टवेअर तो क्रम पाळत नाही आणि दोन मशीनवरून बदल आले की ‘कॉन्फ्लिक्ट कॉपी’ करून ठेवतं. त्यातून अर्धवट रेपो तयार होतात. बाहेर काढा, सर्व्हरवरून ताजं क्लोन घ्या, विषय संपला.

अख्खी फाइल लाल-हिरवी: ओळींचे शेवट

विंडोजवर ओळ दोन अक्षरांनी संपते, लिनक्स आणि मॅकवर एका अक्षराने. एकाचा एडिटर फाइल उघडून सेव्ह करतो, सगळ्या ओळींचे शेवट बदलतात, आणि गिटच्या दृष्टीने प्रत्येक ओळ नवी होते. मग दुसऱ्या कुणाच्या तीन ओळींच्या बदलाशीही कॉन्फ्लिक्ट येणारच.

ओळखायचं कसं? डिफमध्ये वाढलेल्या ओळींच्या शेवटी टोपीचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी एम दिसतो का बघा. नाहीतर डिफला ‘इग्नोर-स्पेस-ॲट-ईओएल’ लावा. चार हजार ओळींचा डिफ खरोखर बदललेल्या दोन ओळींवर आला, तर आजार सापडला.

उपाय प्रत्येकाच्या मशीनवरचं ऑटोसीआरएलएफ सेटिंग नाही. ते ज्याचं त्याच्यापुरतं असतं आणि नवा माणूस आला की गाडी पुन्हा रुळावरून घसरते. रेपोच्या मुळाशी गिटॲट्रिब्यूट्स फाइल ठेवा, त्यात सर्व फाइलींसाठी ‘टेक्स्ट बरोबर ऑटो’ लिहा, आणि एकदाच ‘रीनॉर्मलाइझ’ लावून ॲड करून कमिट करा. ते कमिट अवाढव्य असेल, म्हणून उघड्या ब्रँच कमीत कमी असतील तो दिवस निवडा आणि त्या कमिटमध्ये दुसरं काहीही घालू नका. ब्लेममध्ये (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या यादीत) प्रत्येक ओळीवर तुमचंच नाव यायला नको असेल, तर गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, अशी कमिट वगळण्याची यादी देता येते.

माझ्याकडे चालतं, सर्व्हरवर नाही

नावातलं लहान-मोठं अक्षर. विंडोज आणि मॅक मूळ सेटिंगमध्ये त्यात फरक करत नाहीत, लिनक्स करतं. फाइल एका नावाने कमिट झालेली, कोडमध्ये पहिलं अक्षर मोठं. गिट एमव्हीने आधी तिसऱ्याच नावावर न्या, मग हव्या त्या नावावर. दहा मिनिटं.

क्लोन संपत नाही: रेपोत काय भरलंय?

गिट काउंट-ऑब्जेक्ट्स चालवा, ‘व्ही’ आणि मोठ्या अक्षरातला ‘एच’ हे पर्याय लावून. पॅकचा, म्हणजे साठवलेल्या हिस्ट्रीचा, आकार वाचता येईल असा दिसेल. काही हजार फाइलींचा प्रकल्प आणि आकार कित्येक जीबी असेल, तर कुणीतरी कधीतरी झिप, व्हिडिओ, डेटाबेसचा डंप किंवा बिल्डचं आउटपुट आत टाकलंय.

इथे साधनांमधला खरा फरक दिसतो. गिटचं क्लोन म्हणजे पूर्ण हिस्ट्री. आज फाइल पुसली तरी कालच्या कमिटमध्ये ती आहे आणि प्रत्येक नव्या क्लोनसोबत येत राहते. एसव्हीएनमध्ये चेकआउटला फक्त हवं ते रिव्हिजन येतं, हिस्ट्री सर्व्हरवर राहते. म्हणून एसव्हीएनवर वर्षानुवर्षं खपलेली सवय गिटवर आल्याबरोबर अंगाशी येते.

स्वस्तातला उपाय आधी: गिटइग्नोर (कुठल्या फाइली आत घ्यायच्या नाहीत ती यादी) नीट करा, आणि ज्यांना हिस्ट्री लागतच नाही अशा बिल्ड मशीनवर ‘डेप्थ १’ लावून उथळ क्लोन घ्या. माणसांसाठी ब्लॉब, म्हणजे फाइलींचा मजकूर, वगळून केलेलं आंशिक क्लोन बरं: कमिटची हिस्ट्री पूर्ण मिळते, फाइलींचा मजकूर लागेल तसा उतरतो. मोठ्या फाइली खरंच लागत असतील तर गिट एलएफएस, म्हणजे मोठ्या फाइली वेगळ्या साठवणारी जोड. तसंही गिटहब १०० एमबीवरची साधी फाइल पुशच होऊ देत नाही.

जुनी हिस्ट्री साफ करायची तर फिल्टर-रेपो हे साधन आहे, आणि इथे मी टीमला थांबवतो. हिस्ट्री पुन्हा लिहिली की काढलेल्या फाइलीपासून पुढच्या प्रत्येक कमिटचा क्रमांक बदलतो. एकाने जरी जुन्या क्लोनवरून पुश केलं, तरी काढलेला सगळा कचरा परत येतो. सगळ्यांनी एकाच दिवशी जुनं क्लोन टाकून नवं घ्यायचं, अशी शिस्त टीममध्ये नसेल तर हे काम अनुभवी माणसाकडे द्या. आणि आत पासवर्ड किंवा की गेली असेल तर हिस्ट्रीच्या मागे लागण्याआधी ती की रद्द करा. ती बाहेर गेली असंच धरून चालायचं.

मर्जला दिवस का जातो?

आतापर्यंतचं सगळं तांत्रिक होतं. हे सवयीचं आहे, त्यामुळे वेळ खातं.

ब्रँचचं वय मोजा. गिट मर्ज-बेसला मेन (मुख्य ब्रँच) आणि तुमच्या ब्रँचचं नाव द्या. दोघी जिथून वेगळ्या झाल्या ते कमिट मिळेल. त्याची तारीख बघा. मर्ज करताना गिट तीन प्रती समोर ठेवतं: तो समाईक पूर्वज, तुमची आणि समोरची. पूर्वज जितका जुना, तितक्या दोन्ही बाजूंनी हात लागलेल्या जागा जास्त. आठवड्यापेक्षा जुनी ब्रँच दिसली की मी विचारतो. महिन्यापेक्षा जुनी असेल तर विचारत नाही, मर्जसाठी वेळ राखून ठेवायला सांगतो. कॉन्फ्लिक्ट न येता पार पडलेलं मर्जही फसवं असतं. एकाने फंक्शनचं नाव बदललं, दुसऱ्याने दुसऱ्याच फाइलमध्ये जुन्या नावाने ते वापरलं. ओळी एकमेकींना शिवल्या नाहीत, गिट खूश, बिल्ड फुटलं. हे कुठलंही व्हर्जन कंट्रोल पकडणार नाही. मर्जनंतर टेस्ट चालल्या तरच कळेल.

उपाय कंटाळवाणा आहे: रोज मेन आपल्या ब्रँचमध्ये ओढून घ्यायचं आणि ब्रँच छोटी ठेवायची. अपुरं फीचर सेटिंगमागे बंद ठेवून मेनमध्ये गेलेलं परवडतं.

एक सेटिंग मात्र आजच बदला. मर्जची कॉन्फ्लिक्ट-स्टाइल डिफ३ करा. नेहमीच्या कॉन्फ्लिक्टमध्ये फक्त दोन बाजू दिसतात. समजा एका बाजूला तीन ओळी आहेत, दुसऱ्या बाजूला त्यातल्या दोनच, आणि त्याही थोड्या बदललेल्या. ती तिसरी ओळ इकडे वाढवली की तिकडे मुद्दाम काढली? दोन बाजू बघून सांगता येत नाही, लोक अंदाजाने ठेवतात, आणि काढलेला बग परत येतो. डिफ३ मध्ये पूर्वजाचा मजकूर मधोमध दिसतो. तिसरी ओळ तिथे असेल तर तिकडे काढलीय. नसेल तर इकडे वाढवलीय. अंदाज संपला. सर्व्हरवर मुख्य ब्रँचला फोर्स पुश बंद करायलाही एवढाच वेळ लागतो, करून टाका.

फाइलचं नाव बदलणं आणि तिची आतून मोडतोड एकाच कमिटमध्ये करू नका. नाव बदलल्याची नोंद गिट ठेवतच नाही. मजकूर किती जुळतो त्यावरून ओळखतं, आणि मूळ सेटिंगमध्ये निम्म्यापेक्षा कमी जुळला तर जुनी फाइल गेली, नवी आली, असं समजतं. मग मर्जही बिघडतं.

इथवर सगळं ठीक, तरी त्रास आहे? मग साधन चुकीचं असू शकतं

अशी तीन-चारच कारणं मला पटतात.

पहिलं, मर्ज न होणाऱ्या फाइली. चित्रं, थ्रीडी मॉडेल, गेमचे सीन. दोघांनी एकाच वेळी काम केलं तर एकाचं फुकट जाणार, म्हणून इथे ‘मी घेतलंय, तू थांब’ असं सांगणारं कुलूप लागतं. एसव्हीएनमध्ये ‘नीड्स-लॉक’ लावलेली फाइल कुलूप घेईपर्यंत फक्त वाचता येते. हा छोटासा अडसरच माणसाला विचारायला लावतो. परफोर्स या व्हर्जन कंट्रोलमध्ये अशा प्रकारच्या फाइली एका वेळी एकालाच उघडता येतील अशी सोय आहे, आणि मोठे गेम स्टुडिओ त्याला धरून राहतात ते उगाच नाही. गिट एलएफएसमध्येही २०१७ पासून कुलूप आहे, पण प्रत्येकाकडे एलएफएस नीट बसवलेलं हवं. कोड जास्त आणि चित्रं थोडी असतील तर ते पुरतं. उलट असेल तर ओढाताण होते.

दुसरं, फोल्डरनिहाय गुप्तता. एकाच रेपोतला एक भाग काही लोकांना दिसूच नये, हे गिटला जमत नाही. रेपो वेगळे करावे लागतात. एसव्हीएनमध्ये मार्गानुसार वाचायची परवानगी देता येते.

तिसरं, प्रचंड आकार. पण त्याआधी खरंच प्रचंड आहे का ते बघा. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोजचा सुमारे ३०० जीबीचा, ३५ लाख फाइलींचा रेपो गिटवर आणला. त्यासाठी त्यांना वेगळं तंत्र लिहावं लागलं हे खरं. पण स्पार्स चेकआउट (हवे तेवढेच फोल्डर समोर घेणं) आणि आंशिक क्लोन आज साध्या गिटमध्येच आहेत. आपल्या ८ जीबीच्या रेपोला ‘गिट पुरत नाही’ म्हणण्याआधी वरची कचऱ्याची तपासणी पुन्हा करा.

चौथं, साधनच म्हातारं असणं. सीव्हीएस या जुन्या साधनात कमिट अखंड नसतं. मध्येच नेटवर्क गेलं तर निम्म्या फाइली नव्या, निम्म्या जुन्या. व्हिज्युअल सोर्ससेफचा उरलासुरला सपोर्टही २०१७ मध्ये संपला. यापैकी कशावर असाल तर चर्चा नको, निघा.

यातलं काहीच लागू नसेल आणि नव्याने निवडायचं असेल तर गिट घ्या. ते सर्वांत सुबक आहे म्हणून नव्हे. त्याच्या कमांडची नावं तर दिव्यच आहेत. एकाच चेकआउट कमांडमधून स्विच आणि रिस्टोअर वेगळे व्हायला २०१९ उजाडावं लागलं. पण येणारा नवा माणूस ते शिकून येतो आणि प्रत्येक साधन त्याच्याशी बोलतं. मर्क्युरिअल हे गिटसारखंच दुसरं साधन माझ्या मते वापरायला जास्त सरळ. दोन्हींची सुरुवात २००५ च्या एप्रिलमधलीच, लिनक्सच्या कर्नलला बिटकीपर हे आधीचं व्हर्जन कंट्रोल वापरणं बंद झालं तेव्हाची. पण बिटबकेट या होस्टिंग सेवेने २०२० मध्ये मर्क्युरिअल काढून टाकलं, फायरफॉक्सही २०२५ मध्ये गिटवर आलं. नव्या टीमने त्या वाटेला जावं असं मी सांगणार नाही.

निर्णय मीटिंगमध्ये घेऊ नका. एक छोटा प्रकल्प दोन आठवडे नव्या साधनावर चालवा आणि मुद्दाम गोष्टी मोडा: ब्रँच पुसून परत आणा, दोघांनी एकच फाइल बदला, कोऱ्या लॅपटॉपवर पहिलं बिल्ड व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा, आणि बॅकअपमधून सगळं उभं करून दाखवा. ‘सगळ्यांकडे क्लोन आहे, तोच बॅकअप’ हे अर्धसत्य आहे. रिव्ह्यूच्या चर्चा, परवानग्या, एलएफएसच्या जुन्या फाइली क्लोनमध्ये नसतात.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

एफएससीकेने ऑब्जेक्ट बिघडल्याचं किंवा गहाळ असल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या कुणाकडे धड क्लोन नसेल, तर थांबा. जीसी (गिटची साफसफाईची कमांड) चालवू नका, डिस्कवर काहीही नवीन लिहू नका. बहुधा डिस्कच जातेय.

कित्येक वर्षांची एसव्हीएन हिस्ट्री गिटवर न्यायची आहे आणि ट्रंक, ब्रँचेस, टॅग्ज ही नेहमीची रचना मध्येच बदललेली असेल, तर हे काम पहिल्यांदा करणाऱ्याचं नाही. आदळआपट करून नेलेली हिस्ट्री दिसायला ठीक असते. दोन वर्षांनी ब्लेम काढल्यावर कळतं की निम्म्या कमिटवर लेखकाचं नाव चुकीचं आहे. हिस्ट्री लागतच नसेल तर जुना सर्व्हर फक्त वाचण्यापुरता ठेवून आजच्या प्रतीपासून सुरुवात करणं हा सन्मान्य पर्याय आहे, आणि तो फारच कमी लोक विचारात घेतात.

ऑडिट किंवा कायदेशीर बाबीसाठी जपायची हिस्ट्री असेल तर तिला परस्पर हात लावू नका, कारण कितीही असो.

जाणकार आला की सुरुवातीला केलेली ती न हललेली कॉपी त्याच्या हातात द्या आणि ज्या टर्मिनलमध्ये कमांड चालवल्या ते बंद करू नका. कुठली कमांड कुठल्या क्रमाने चालवली हे त्याला तिथून वाचता येतं. आठवून सांगितलेला क्रम मी तरी अजून बरोबर निघालेला पाहिलेला नाही.